एकाच रेणूची इतकी सूत्रं, मग खरं कुठलं? (अकरावी सायन्स, सोलापूर)

जुळेसोलापूरची_आई

नमस्कार मंडळी. मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे, म्हणून सूत्रंही मराठी अक्षरांत लिहितेय. समजून घ्या.

माझी मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता सगळं इंग्रजीत. मी स्वतः बारावी आर्ट्स. संध्याकाळी मी भाकरी थापते तेव्हा ती ओट्याशेजारी पाट घेऊन बसते आणि दिवसभराचं मोठ्याने वाचते. तिला मराठीत समजावून सांगता सांगता मलाही थोडं कळतं. दहावीच्या पुस्तकात रेणुसूत्र, रचनासूत्र आणि ती इलेक्ट्रॉन-ठिपक्यांची आकृती होती. तिथवर मला जमलं.

आता ऑरगॅनिक सुरू झालं आणि गाडी अडली. एकाच रेणूसाठी इम्पिरिकल, मॉलिक्युलर, पूर्ण रचनासूत्र, कंडेन्स्ड, बॉन्ड लाइन, पुढे वेज, फिशर, सॉहॉर्स, न्यूमन. तिने वहीत रकाने आखून सगळ्यांची नावं आणि एकेक आकृती पाठ केली. चाचणीत २-मिथिलब्युटेनचं बॉन्ड लाइन सूत्र काढा असं आलं. हिने (सीएच३)२सीएचसीएच२सीएच३ असं लिहिलं. शून्य. पुढे पेंटेनचं बॉन्ड लाइन विचारलं होतं, तर हिने पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली. त्यालाही शून्य. वर लाल पेनने फक्त ‘चूक’. काय चुकलं ते लिहिलेलं नाही, विचारायला गेली तर ‘नोट्स बघ’ एवढंच उत्तर मिळालं.

त्या रात्री जेवली नाही. उशिरा म्हणाली, ‘आई, सगळी सूत्रं एकाच रेणूची आहेत ना? मग खरं कुठलं? जे खरं असेल ते एकच शिकवा की.’ मला उत्तर देता आलं नाही. कोणी नीट सांगेल का? ट्यूशन लावता येईल, पण हा प्रश्न ट्यूशनमध्ये विचारायला ती लाजेल, हे मला माहीत आहे.

---

बीएस्सी_शेवटचं_वर्ष

काकू, टेन्शन घेऊ नका, आमचंही अकरावीत असंच झालेलं. बॉन्ड लाइनचा नियम सोपा आहे. प्रत्येक कोपरा म्हणजे एक कार्बन, रेघेचं प्रत्येक मोकळं टोक म्हणजेही एक कार्बन. कार्बनला चार हात. दिसणाऱ्या रेघा मोजायच्या, चारातून वजा करायच्या, उरले तेवढे हायड्रोजन. दुहेरी रेघ दोन धरायची. ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन असेल तर अक्षर लिहायचंच, आणि त्यांच्यावरचा हायड्रोजनही लिहायचा.

पेंटेन म्हणजे पाच बिंदूंची नागमोडी रेघ. सरळ रेघेत कोपरेच नाहीत, दोनच टोकं आहेत. म्हणजे तिचा अर्थ इथेन झाला, पेंटेन नाही. म्हणून शून्य.

पुढे सीईटी, नीटला सगळीकडे बॉन्ड लाइनच असते. तीच खरी धरून चाला, बाकीची दोन-चार मार्कांपुरती पाठ करा आणि सोडून द्या.

---

पोल_ब्रिक्स

ताई, वरच्या मुलाने हायड्रोजन मोजायची रीत अगदी बरोबर सांगितली आहे. पेंटेनच्या रेघेचंही बरोबर. पण ‘बाकीची सोडून द्या’ हे मला पटत नाही. तुमच्या लेकीचा प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून सवडीने लिहितो.

मी इथल्याच जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३२ वर्षं काढली. वडील यंत्रमागावर होते. अशोक चौकाच्या मागच्या अंगाला आमची खोली, आणि खोलीला लागूनच मागाचा खडखडाट. मोराची नक्षी असलेली चादर विणायची तर आधी चौकटीच्या कागदावर मोर रंगवला जायचा. एकेक उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा, एकेक आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेरी. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, एका फेरीला एक पट्टी, आणि त्या पट्ट्यांची माळ जॅकार्डवर चढवायची. व्यापारी आला की चादर तराजूवर टाकायचा, त्याला वजन हवं असायचं. गिऱ्हाईक मोर बघायचं. वडील भोकं बघायचे. चादर एकच. वजन खोटं होतं का? भोकं खोटी होती का?

रेणूचंही तसंच आहे. प्रत्येक सूत्र एका प्रश्नाचं उत्तर देतं आणि बाकीच्या प्रश्नांवर गप्प बसतं. लेकीला सूत्रांची नावं पाठ करायला लावू नका. प्रत्येक सूत्रापुढे दोन गोष्टी लिहायला सांगा: हे काय सांगतं, आणि काय सांगत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच वर्गात राहून जाते.

इम्पिरिकलपासून सुरू करू, कारण रसायनवाल्यांच्या हाती पहिल्यांदा तेच लागलं. पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी पकडून तोलायचं, त्यावरून कार्बन किती आणि हायड्रोजन किती ते काढायचं. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३१ साली यासाठी काचेच्या पाच फुग्यांचं एक उपकरण केलं आणि हे काम पुष्कळ सोपं झालं. पण जाळून काय कळतं? फक्त प्रमाण. आता घरातल्या वस्तू घ्या. व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड सी२एच४ओ२, दह्यातलं लॅक्टिक ॲसिड सी३एच६ओ३, ग्लुकोज सी६एच१२ओ६, आणि तिच्या बायोलॉजीच्या लॅबमध्ये बरण्यांत बेडूक ठेवतात त्या फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड सीएच२ओ. या चौघांचं इम्पिरिकल सूत्र एकच: सीएच२ओ. दही पोटात जातं, फॉर्मलिन विष आहे, आणि सूत्र तेच! म्हणून ते सूत्र खोटं नाही. त्याला विचारलं होतं प्रमाण, त्याने प्रमाण सांगितलं.

रेणूचं वजन कळलं की रेणुसूत्र मिळतं. एका रेणूत कुठले अणू किती, एवढं ते सांगतं. कोण कोणाला जोडलंय ते सांगत नाही. आमच्या डिस्टिलरीत मळीपासून इथेनॉल व्हायचं. सी२एच६ओ, रेणुभार ४६, ७८ अंशांना उकळतं. आता त्याच सी२एच६ओ मधला ऑक्सिजन दोन कार्बनच्या मध्ये बसवा, सीएच३ओसीएच३. हा डायमिथिल ईथर, उणे २४ अंशांना उकळतो. म्हणजे सोलापुरात तो बारा महिने तेरा काळ वायूच. अणू तेच, वजन तेच, एक टाकीत भरता येतं आणि दुसऱ्याला दाबाचं सिलिंडर लागतं. दहावीत ज्याला समघटकता म्हणतात ती हीच. दहा कार्बनच्या साध्या अल्केनचं रेणुसूत्र सी१०एच२२ घेतलं तर त्याच्या ७५ वेगवेगळ्या रचना होतात. नुसतं रेणुसूत्र लिहून ‘हा पदार्थ’ म्हटलं, तर पंचाहत्तरांपैकी कुठला?

इथे रेघ लागते. अणूंमधला बंध रेघ ओढून दाखवायची सुरुवात आर्चिबाल्ड स्कॉट कूपर या स्कॉटिश तरुणाने १८५८ साली केली, वय वर्षं २७. त्याचा निबंध पॅरिसच्या अकादमीसमोर जायला उशीर झाला, तोवर कार्बनच्या चार हातांची कल्पना केकुले यांच्या नावावर छापून आली होती. कूपर त्यानंतर मनाने खचला आणि रसायनशास्त्रात परतला नाही. मी रेघ ओढताना मला त्याची आठवण येते. आज जगभरची पोरं जी रेघ ओढतात, तिच्यामागचा माणूस ठाऊक असावा.

पूर्ण रचनासूत्रात प्रत्येक हायड्रोजनची रेघ दाखवतात. लहान रेणूला ठीक, मोठ्याला पान पुरत नाही. म्हणून एका कार्बनवरचे हायड्रोजन त्याच्या शेजारी लिहून टाकायचे, ते कंडेन्स्ड. तुमच्या लेकीने २-मिथिलब्युटेनचं जे लिहिलं ते कंडेन्स्ड म्हणून शंभर टक्के बरोबर आहे, हे तिला आवर्जून सांगा. तिला रेणू कळलाय, मागितलेली पद्धत तेवढी चुकली.

आता कंडेन्स्ड काय लपवतं ते बघा. शेंगाची चटणी कुटताना जे तेल सुटतं, त्यात ओलिक ॲसिडचा वाटा मोठा असतो. त्याचं कंडेन्स्ड असं:

सीएच३(सीएच२)७सीएच=सीएच(सीएच२)७सीओओएच

अठरा कार्बन एका ओळीत नीट मांडले. कंसामुळे सात-सात सीएच२ लिहायचे वाचले. पण मधल्या दुहेरी बंधाच्या दोन्ही बाजूंच्या शेपट्या एकाच अंगाला आहेत की विरुद्ध अंगाला, हे यात कुठे आहे? नाहीच. आता तेच बॉन्ड लाइनमध्ये काढायला सांगा. कागदावर नागमोडी ओढत नवव्या कार्बनपाशी आली की तिचा हात थांबेल. वर वळू की खाली? वळल्याशिवाय पुढे जाताच येत नाही! दोन्ही शेपट्या एका अंगाला ठेवल्या तर रेणू मध्येच कोपरासारखा वाकतो, हे खरं ओलिक ॲसिड. विरुद्ध अंगाला काढल्या तर काठीसारखा लांब जातो, तो इलायडिक ॲसिड नावाचा वेगळाच पदार्थ. वाकलेला साधारण १३ अंशांना वितळतो, सरळ असलेला ४४ च्या आसपास. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, सरळ काड्यांची येते, तसंच हे. ओलिक आपल्या थंडीतही पातळ राहतं, दुसरा उन्हाळा सोडला तर घट्ट गोळा. कंडेन्स्डमध्ये दोघांचं लिखाण अक्षर न् अक्षर सारखं. हे एक उदाहरण तिने स्वतःच्या हाताने काढलं की बॉन्ड लाइन कशासाठी आहे ते सांगावं लागणार नाही.

फिशरकडे येतो, कारण तिथे माझं आयुष्य गेलं.

मी लॅबमध्ये नवीन होतो, १९८६ चा हंगाम. एका दिवशी तोडून चार-पाच दिवस फडातच पडलेला ऊस आला, आम्ही त्याला शिळा ऊस म्हणायचो. रस काढला, ब्रिक्स (रसात विरघळलेला एकूण माल) घेतला, नेहमीसारखाच. मग पोल, म्हणजे त्या मालात साखर किती ते. रसात लेड सबॲसिटेटची पूड टाकायची, गाळ बसला की गाळून आलेला स्वच्छ रस २०० मिलिमीटरच्या नळीत भरायचा आणि पोलरीमीटरला, म्हणजे द्रावण प्रकाश किती फिरवतं ते मोजणाऱ्या यंत्राला, डोळा लावायचा. शुद्ध साखर २६ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर द्रावण केलं तर हे यंत्र बरोबर १०० दाखवतं, मापच तसं बांधलंय. त्या दिवशी पोल इतका खाली आला की मला वाटलं नळीत बुडबुडा राहिला. पुन्हा भरली. तेच. रसात विरघळलेला माल तेवढाच, मग साखर गेली कुठे?

आमच्या चीफ केमिस्टनी लॉगशीटची मागची बाजू केली आणि लिहिलं: सी१२एच२२ओ११ + एच२ओ, बाण, सी६एच१२ओ६ + सी६एच१२ओ६. म्हणाले, ‘हे बघून तुला काही कळणार नाही, उजवीकडे दोन्ही सारखेच दिसतायत.’ मग त्यांनी खाली दोन उभ्या रेघा ओढल्या. पहिली ग्लुकोजची. वर सीएचओ, खाली सीएच२ओएच, मध्ये चार आडव्या रेघा आणि त्यांवर ओएच: उजवा, डावा, उजवा, उजवा. दुसरी फ्रुक्टोजची. वर सीएच२ओएच, त्याखाली सी=ओ, मग डावा, उजवा, उजवा, खाली सीएच२ओएच. ‘आता सांग, एकच आहेत का?’

साखरेचं द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवतं, विशिष्ट वलन +६६.५. ग्लुकोज +५२.७, फ्रुक्टोज −९२. साखर फुटून दोघं समसमान झाली की बेरीज डावीकडे जाते. फिरणं उलटतं म्हणून त्या क्रियेला इन्व्हर्जन म्हणतात. माझा पोल त्यात गेला होता. रेणुसूत्राला हे दिसत नव्हतं, यंत्राला दिसत होतं, आणि कागदावर ते दाखवायला फिशर लागला.

एक सावधगिरी मात्र शिकवा. सूत्रातला ओएच उजवीकडे म्हणून प्रकाशही उजवीकडे वळतो, असा काही नियम नाही. फ्रुक्टोजच्याच तीन हातांत दोन उजवे आहेत, तरी तो प्रकाश डावीकडे फिरवतो. वलन यंत्रानेच मोजावं लागतं.

एमिल फिशर यांनी ही रीत १८९१ साली मांडली. आडव्या रेघा आपल्याकडे, उभ्या रेघा कागदाच्या पाठीमागे, एवढा करार मनात ठेवला की सपाट कागदावर रेणूची खोली राहते. ग्लुकोजच्या त्या चार हातांपैकी वरून तिसरा उजवीकडून डावीकडे नेला की गॅलॅक्टोज होतं, दुधातल्या साखरेचा अर्धा भाग. एका हाताची बाजू बदलली, साखर बदलली.

न्यूमनचं थोडक्यात. सायकलच्या चाकाच्या आसाच्या टोकाला डोळा लावून बघितल्यासारखं कार्बन-कार्बन बंधाच्या रेषेत बघायचं. पुढच्या कार्बनचे तीन आरे, मागच्याचे तीन आरे. इथेनमध्ये ते एकमेकांमागे लपले तर ऊर्जा जास्त, एकमेकांच्या फटीत आले तर कमी. फरक मोलला साधारण १२ किलोज्यूल. फिरण्याचा प्रश्न असेल तेव्हाच न्यूमन, एरवी त्याचं काम नाही.

वेजसाठी पुस्तक बाजूला ठेवा. रात्री हरभरे भिजत घाला. सकाळी खराट्याच्या काड्या तोडून हरभऱ्यात टोचायला सांगा. मधला हरभरा कार्बन, चार काड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब जातील अशा. मग ते हातात धरून जी काडी तिच्या नाकाकडे येते ती ठळक पाचर, जी मागे जाते ती तुटक पाचर, बाकी दोन साध्या रेघा. हे एकदा हाताने केलं की विसरत नाही.

---

जुळेसोलापूरची_आई

काका, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा तिने स्वतः वाचलं.

हरभरे काल रात्री भिजत घातले होते. खराट्याच्या काड्या जाड पडल्या, हरभरे फुटायला लागले, म्हणून उदबत्तीच्या काड्यांची खालची टोकं वापरली. ती छान बसली. आधी मीथेन केला, मग दोन मीथेन जोडून इथेन. मग ती एकदम म्हणाली, ‘आई, हे फिरतंय बघ,’ आणि मधली काडी धरून एक बाजू गोल फिरवून दाखवली. न्यूमन तिथेच कळला असावा, कारण नंतर वहीत तिने न विचारता काढला.

ओलिक ॲसिडचं तुम्ही सांगितलंत तसंच झालं. नवव्यावर आली आणि पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तिने दोन्ही काढले, शेजारी शेजारी.

तिचे दोन प्रश्न आहेत. एक, फिशरचा कागद आडवा धरला तर चालतं का? दोन, ग्लुकोज उभ्या रेघेत काढतात तर पुढच्या पानावर षटकोनी कडं कसं आलं?

---

डाइंगवाला

मी सूत रंगवण्याच्या धंद्यात आहे, अक्कलकोट रोडला. शिक्षण जास्त नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

नीळ, म्हणजे इंडिगो. आमच्याकडे डब्यावर नाव आणि व्हॅट ब्लू १ असा आकडा असतो, सूत्र नसतं. नीळ पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) टाकून हौदात ‘उतरवावी’ लागते, तेव्हा निळी नीळ पिवळट होते आणि सुतात शिरते. लडी हौदातून वर काढली की हिरवट-पिवळी असते, मग वाऱ्यावर बघता बघता निळी होत जाते. गेली २० वर्षं रोज बघतोय, अजून बघत उभा राहतो.

एका केमिकल पुरवणाऱ्या माणसाने मला दोन्हींची रेणुसूत्रं लिहून दिली होती. निळी सी१६एच१०एन२ओ२, उतरवलेली सी१६एच१२एन२ओ२. दोन हायड्रोजनचा फरक. मला त्यातून काही उमगलं नाही. दोन हायड्रोजन आले म्हणून रंग का जावा? मग त्याने रेघांची आकृती काढली. दोन बाजूंना दोन कडी, मध्ये दुहेरी रेघ, आणि दोन ठिकाणी ऑक्सिजन दुहेरी रेघेने टांगलेला. उतरवलं की तिथे ओएच होतो आणि मधली दुहेरी रेघ एकेरी होते. म्हणजे एक अख्खी दुहेऱ्यांची साखळी मध्येच तुटते. वारा लागला की परत जुळते. रंग त्या साखळीत आहे, असं तो म्हणाला. ते मला आकृतीतच दिसलं, आकड्यांत नाही.

पोल_ब्रिक्स साहेब, मी बरोबर सांगितलं का?

---

पोल_ब्रिक्स

साहेब, अगदी बरोबर. तुम्ही जे हौदावर रोज बघता त्याची रचना शोधायला बायर या जर्मन शास्त्रज्ञांना १८६५ पासून १८८३ पर्यंत खपावं लागलं. आणि या धाग्याला धरून एक गोष्ट सांगतो: त्यांची रचना बरोबर होती, पण मधल्या दुहेरी रेघेच्या दोन्ही बाजू त्यांनी एका अंगाला काढल्या होत्या. १९२८ साली क्ष-किरणांनी बघितलं तेव्हा त्या विरुद्ध अंगाला निघाल्या. लेकीची पेन्सिल ओलिक ॲसिडच्या नवव्या कार्बनवर थांबली, तो हाच प्रश्न.

ताई, फिशर: नाही, पाव फेरा फिरवायचा नाही. आडव्या रेघा आपल्याकडे आणि उभ्या मागे, हा करार आहे ना? पाव फेरा दिला की पुढे आलेले हात मागे आणि मागचे पुढे वाचले जातात, म्हणजे तो आरशातला उलटा रेणू होतो. पूर्ण उलटा, म्हणजे अर्धा फेरा, चालतो. तिला हरभऱ्यावर चार वेगवेगळ्या रंगांचे मणी लावून करून बघू द्या. लॅक्टिक ॲसिड घ्या, मधल्या कार्बनला एच, ओएच, सीएच३, सीओओएच असे चौघं वेगळे असतात.

कड्याचं: पाण्यात ग्लुकोजचा जवळजवळ सगळा वाटा कड्याच्या रूपातच असतो. पाचव्या कार्बनवरचा ओएच वळून वरच्या सीएचओला धरतो. म्हणजे फिशरची उभी रेघसुद्धा हे सांगत नाही! कड्यासाठी हॉवर्थ यांची आकृती आहे, ती षटकोनी. त्या कड्यात पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन असतो, सहावा कार्बन बाहेर लटकतो. षटकोन दिसला म्हणून ती बेन्झिनशी गल्लत करेल, तेवढं बघा.

---

बीएस्सी_शेवटचं_वर्ष

काका, ‘सोडून द्या’ म्हटलं ते मागे घेतो. कंडेन्स्डमध्ये सिस-ट्रान्स (शेपट्या एका अंगाला की विरुद्ध अंगाला) दिसत नाही हे मला माहीत होतं, पण मीच दोन वर्षं ते वेगवेगळ्या धड्यांत ठेवलं होतं. ओलिक ॲसिड आज दोन्ही रीतींनी काढून बघितलं.

---

जुळेसोलापूरची_आई

लॅक्टिक ॲसिड झालं. मणी नव्हते, तुटलेल्या माळेतले दोन, एक शेंगदाणा आणि एक चिंचोका लावला. पाव फेरा देऊन तिने कागदावरच्या कराराप्रमाणे दुसरा हरभरा टोचला आणि पहिल्याशेजारी धरला. कसाही फिरवला तरी दोन्ही जुळेनात. अर्धा तास फिरवत होती.

काका, वहीतले जुने रकाने तिने खोडले. आता प्रत्येक सूत्रासमोर दोनच रकाने आहेत, सांगतं आणि सांगत नाही. हॉवर्थच्या पुढे ‘सांगत नाही’ मध्ये तिने लिहिलंय: ‘कडं खरंच सपाट असतं का?’ आणि तिथे पेन्सिलने गोल केलाय. तुम्हाला विचारायला सांगितलंय.

---

पोल_ब्रिक्स

नसतं, ताई. हॉवर्थमध्ये सोयीसाठी सपाट काढतात. खरं कडं आरामखुर्चीसारखं वाकलेलं असतं, त्याला चेअर म्हणतात. तिला हरभरे अजून थोडे भिजत घालायला सांगा. कड्यासाठी पाच, आणि ऑक्सिजनच्या जागी एक वाटाणा.